निऱ्या, वांगी रंग आणि मी

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. या काळात कचेरीतली बढती माझ्याकडून दोनदा हुकली, पण घरातलं एक पद मात्र कुणी हिरावून घेतलं नाही. मी निऱ्या धरतो. ज्यांना या कामाचा अनुभव नाही त्यांच्यासाठी सांगतो. बायको आरशासमोर ताठ उभी असते, आपण तिच्या पायाशी उकिडवं बसायचं, निऱ्यांची खालची टोकं चिमटीत धरायची आणि वरून हुकूम येईल तसं ओढायचं. "खाली घ्या. एवढं नाही. मधली सुटली. अहो, ती मधली नव्हे, तिच्या मागची!" सात निऱ्यांत मधली एकच असते, असं मी शाळेत शिकलो होतो. संसारात प्रत्येक निरी मधली असते. तिशीत हे काम मी हसत केलं, चाळिशीत हं-हं करत केलं, आता बसलो की उठताना पलंगाचा आधार लागतो.

त्यामुळे 12 डिसेंबर 2023 ला एअर इंडियाच्या नव्या गणवेशाचा व्हिडिओ आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, तेव्हा इतरांना त्यात जे दिसलं ते मला दिसलं नाही. मनीष मल्होत्रांनी केलेलं डिझाइन, साडीवर झरोक्यांची नक्षी, वर ब्लेझर, हे सगळं नंतर. मला दिसले तीनच शब्द. रेडी टू वेअर. म्हणजे तयार साडी. म्हणजे खाली कुणी उकिडवं बसलेलं नाही. मी भरल्या डोळ्यांनी अंगठा टाकला आणि लिहिलं, "फारच छान! आपल्या घरीही असंच हवं."

तेवढंच निमित्त झालं.

नागपूरच्या आत्याचं पहिलं मत आलं, की रंग पहिल्याच धुण्यात गेलेला दिसतो. तो गेलेला नाही आत्या, एका रंगातून दुसऱ्यात उतरत नेलाय, असं माझ्या भाचीनं बंगळूरहून कळवलं. "उतरलाय तेच म्हणते मी," आत्यांनी लिहिलं. मग रंगांच्या नावांवर गाडी आली. इंग्रजी पेपरांनी 'ऑबर्जीन' म्हणून ज्याचं कौतुक केलं, तो आपला वांगी. दादरच्या दुकानात गादीवर बसून "वांगी दाखवा, चिंतामणी दाखवा, आमसुली नको" असं म्हणत ज्या बायकांनी अर्धं आयुष्य काढलं, त्यांना या शब्दानं फारसं दिपवलं नाही. त्यातून कळलं, की वरिष्ठ हवाई सुंदरींना वांगी आणि मरून, कनिष्ठांना लाल आणि जांभळा. आई जपमाळ थांबवून म्हणाली, "म्हणजे थोरलीला वांगी, धाकटीला लाल. आमच्या सासूबाई तेच करायच्या. त्यांना कुणी डिझायनर म्हटलं नाही."

रात्री साडेनऊला माझे मेहुणे मैदानात उतरले. मेहुणे बँकेतून निवृत्त आहेत आणि कुठल्याही विषयाला उगमापासून हात घालतात. त्यांनी सुरुवात 15 ऑक्टोबर 1932 पासून केली. जेआरडी टाटा स्वतः विमान चालवत टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तिथून मजल दरमजल करत मेहुणे साडीपर्यंत पोचले तेव्हा अकरा वाजले होते. निष्कर्ष असा, की साडी ही नेसायची असते, चढवायची नसते. शिवली की तिचा परकर होतो. "मी एलटीसीवर दिल्लीला गेलो होतो तेव्हाच्या त्या साड्या! काय रुबाब, काय चाल!" त्याखाली वहिनींनी फक्त एक प्रश्नचिन्ह टाकलं. मेहुणे त्या रात्री पुन्हा काही बोलले नाहीत.

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी 'परंपरा' हा शब्द काढला, आणि माझा तोल गेला. परंपरेचे गुडघे दुखत नाहीत, माझे दुखतात. जेवणं झाल्यावर मी मोबाइल घेऊन बाल्कनीत बसलो आणि जगभरातल्या हवाई गणवेशांचा अभ्यास सुरू केला. दहावीला एवढा केला असता तर निऱ्या धरायला माणूस ठेवला असता.

अभ्यासातून बरंच हाती लागलं. जगातली पहिली हवाई सुंदरी, एलन चर्च, ही मुळात नर्स होती आणि 1930 साली विमानात चढली. खुद्द एअर इंडियात साडी आली ती साठच्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधी स्कर्ट आणि जाकीट होतं. हे मी ग्रुपवर मोठ्या अक्षरांत टाकलं. मेहुण्यांची परंपरा त्यांच्या स्वतःच्या जन्मानंतरची निघाली. त्यांनी फक्त "पाहतो" एवढंच लिहिलं, आणि बँकेत पंचवीस वर्षं कर्ज मागायला येणाऱ्यांना त्यांनी हेच सांगितलं असणार.

मला जोर चढला. 1965 मध्ये ब्रॅनिफ या अमेरिकी कंपनीसाठी एमिलिओ पुची नावाच्या इटालियन डिझायनरनं जो थाट केला त्यात डोक्यावर घालायचा पारदर्शक प्लास्टिकचा गोल टोप होता, धावपट्टीवर वाऱ्यापावसात केस विस्कटू नयेत म्हणून. फोटो आईला दाखवला. ती म्हणाली, "लोणच्याची बरणी." सिंगापूर एअरलाइन्सचा सारोंग-कबाया, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र आणि वर अंगाबरोबरचा झंपर, 1968 पासून चालू आहे, बालमँ या फ्रेंच माणसानं बेतलेला, आणि तिथंही हुद्द्यानुसार रंग चार. अर्ध्या शतकाहून जास्त काळ एकच काठ! आत्यांना हे भलतंच पटलं, कारण त्यांच्याकडे 1974 ची एक इरकल अजून आहे. उलट डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीनं 2018 मध्ये झॅक पोझेन या डिझायनरकडून झकास जांभळा गणवेश करवून घेतला, आणि तो घालून अंगाला पुरळ येतो, खाज येते अशा तक्रारी कर्मचाऱ्यांनी केल्या. एवढ्या चर्चेत कापड कसं आहे, अंगाला सोसतं का, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. विचारणार कोण? ते आम्हाला घालायचं नव्हतं.

आपल्या अकासा या विमान कंपनीचं मात्र घरात स्वागत झालं नाही. त्यांनी 2022 मध्ये विमानं सुरू करतानाच पँट, जाकीट आणि पायात आरामशीर स्नीकर्स दिले. भाची खूश, मी तर फारच खूश, कारण पँटला निऱ्या नसतात. पण पँट-जाकिटाच्या कापडात समुद्रातून काढलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांचा धागा आहे असं मी उत्साहाच्या भरात बोलून गेलो. "धुतल्या होत्या ना?" आईनं विचारलं. तिथं तो विषय संपला.

अती अभ्यास अंगाशी येतो, तसा आला. नोव्हेंबर 2022 मधल्या बातम्या मी ग्रुपवर टाकायलाच नको होत्या. एअर इंडियाच्या कर्मचाऱ्यांनी कसं दिसावं याची नियमावली त्यात होती. टिकली अर्ध्या सेंटीमीटरची, पांढरे केस नियमित रंगवलेले, आणि पुरुषाला टक्कल पडायला लागलं असेल तर त्यानं सरळ पूर्ण गोटा करावा. वाचताना मला मौज वाटली होती. ग्रुपवर पडल्यावर मिनिटभर सगळे गप्प, मग वहिनींनी माझा मागच्या गणेशोत्सवातला फोटो टाकला, मागून काढलेला. त्याखाली कुणीही काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर बरं झालं असतं. ही चष्म्यावरून माझ्या डोक्याकडे बघत एवढंच म्हणाली, "नियम चांगला आहे."

भाचीनं एक गोष्ट बरोबर पकडली होती. तिनं सारा ग्रुप वर-खाली तपासला आणि लिहिलं, की हवाई सुंदऱ्यांच्या साडीवर तुम्ही तीन दिवस भांडताय, त्यांना पँटचा पर्यायही दिलाय ते कुणी वाचलं नाही, आणि पुरुषांच्या बंदगळ्यावर किंवा पायलटच्या दोन ओळी बटणांच्या काळ्या सुटावर एक अक्षर नाही. विमान कशानं चाललंय, पदरानं? मेहुण्यांनी तातडीनं "बंदगळा बरा आहे" असं लिहून तो हिशेब मिटवला.

मग तिनं नव्वद सेकंदांचं सांगितलं. मोठ्या विमानाला परवाना मिळण्याआधी दाखवून द्यावं लागतं, की निम्मीच दारं उघडी असताना सगळी माणसं दारांना लावलेल्या घसरगुंड्यांवरून नव्वद सेकंदांत बाहेर पडतात. हे काम करवून घेणार त्याच बायका, ज्यांच्या काठाची रुंदी आपण मोजतोय. यावर आई जे बोलली ते ग्रुपवर टाकायची माझी हिंमत झाली नाही, कारण तिच्या मते मेहुण्यांची सहावारीसुद्धा साडीच नव्हे. "पायांत पायांत करणारं ते. आम्ही नऊवारीत आंब्यावर चढलोय, विहिरीत पोहलोय, म्हशीमागं धावलोय. कासोटा घातला की बाई मोकळी. त्या घसरगुंडीवरून मी आत्ता उतरून दाखवते." वय एक्याऐंशी.

2 जानेवारीला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं. दुसऱ्या, तटरक्षक दलाच्या विमानातली पाच माणसं गेली. पण या विमानातली सर्व 379 माणसं घसरगुंड्यांवरून जिवंत बाहेर आली, आणि त्यांना वाट दाखवणाऱ्या पोरींनी काय घातलं होतं हे ग्रुपवर कुणी विचारलं नाही. दोन दिवस ग्रुप शांत होता. मग आत्यांनी तिळाच्या वड्यांचा फोटो टाकला.

संक्रांत आली. माझ्या महिनाभराच्या प्रचाराला फळ आलं आणि हिनं हळदीकुंकवासाठी काळी, बारीक जरीची तयार साडी आणली. निऱ्या शिवलेल्या, कमरेला पट्टी, बाजूला तीन हूक. खोक्यावर 'फ्री साइज' असं छापलेलं. मी खुर्चीत, लक्षात घ्या, खुर्चीत बसून पेपर वाचत होतो. पाच वाजता बायका यायच्या होत्या. सव्वाचारला आतून हाक आली.

पहिला हूक लागला. दुसऱ्यात आणि त्याच्या घरात चार बोटांचं अंतर होतं. आमच्या शाळेची खाकी चड्डी वडील दोन वर्षं पुढची बघून घ्यायचे, 'वाढत्या अंगाची' म्हणून. ती कमरेला सुतळीनं बांधून मी पाचवी-सहावी काढली. गणवेशातली खरी अक्कल तिथं होती, हे मला त्या क्षणी कळलं. पुढे मी जे बोललो ते बोलायला नको होतं. मी म्हणालो, "जरा श्वास आत घे."

त्यानंतरची काही मिनिटं मी इथं देत नाही.

पावणेपाचला माझ्या दाढीच्या ब्लेडनं मी निऱ्यांची शिवण उसवत होतो. साडेसहाशे रुपये जास्त देऊन जी साडी शिवून आणली ती उसवली आणि ती पुन्हा साडी झाली. मेहुण्यांना हे आजवर सांगितलेलं नाही. ही आरशासमोर ताठ उभी राहिली. मी पलंगाचा आधार घेत खाली बसलो. दारात आई नऊवारीत, हातात हळदीकुंकवाचं तबक, मोकळी.

"मधली सुटली," ही म्हणाली.

"कुठली मधली?"

तेवढ्यात बेल वाजली. "सोडू नका, तशाच धरून ठेवा, मी पिन घेते," असं म्हणून ही कपाटाकडे निघाली, आणि निऱ्या चिमटीत असल्यामुळे तिच्यामागून मीही निघालो, उकिडवाच.