अर्धा तास वाळू द्या म्हणे!

ज्या कोणी प्लॅस्टिकच्या मॉडेल किटच्या सूचनापत्रकात 'रंग मारून अर्धा तास वाळू द्या' असं छापलंय, त्याला जुलैत एकदा घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये आणून बसवा. इथे गॅलरीतली जीन्स तीन दिवस ओली राहते आणि हा म्हणे अर्धा तास! सगळं कोरड्या, थंड हवेत बसून लिहिलेलं. व्हिडिओवाले तर त्याहून शहाणे. एका बैठकीत प्रायमर, रंग, वॉर्निश, आणि वर 'किती सोप्पं आहे'. तेच ठाण्यात करायला जा, लागली वाट.

मॅट वॉर्निशचंच घ्या. महिनाभर खपून एमआय-१७ हेलिकॉप्टरचं मॉडेल उभं करायचं, कॅमोफ्लाजच्या कडा एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) मऊ काढायच्या, आणि शेवटचा हात म्हणून स्प्रेचा कॅन मारला की पाच मिनिटांत अख्ख्या हेलिकॉप्टरवर पिठीसाखर भुरभुरल्यासारखा पांढरा थर! कॅन जुना नसतो, रंगही चांगला असतो. लॅकरमधलं सॉल्व्हंट झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प त्या ओल्या थरात जाऊन बसतं, एवढंच. गडद हिरव्यावर ते लपतही नाही. यावर जाणकारांचा सल्ला काय, तर 'दमट हवेत रंगवू नका'. वा! मग जून ते सप्टेंबर काय नुसते खोके बघत बसायचं?

उपाय आहेत, पण ते कुठल्याच पत्रकात नसतात. थिनरमध्ये ५ ते १० टक्के रिटार्डर घाला, म्हणजे सॉल्व्हंट सावकाश उडतं. स्प्रेच्या कॅनचा नाद पावसाळ्यात सोडाच, त्यात काही मिसळता येत नाही. एसी ड्राय मोडवर तासभर चालवा आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय एअरब्रश हातात घेऊ नका. पांढरं पडलंच तर घासू नका. रिटार्डर मिसळलेलं नुसतं थिनर अगदी हलकं मारा, वरचा थर विरघळून बहुतेक वेळा पुन्हा साफ होतो. डिकलवर (मॉडेलवर चिकटवायची पातळ चित्रं) मात्र जपून, ते सुरकुततात. आणि हो, एसीसाठी खिडक्या बंद केल्या म्हणजे सगळी वाफ घरातच. एन-९५ ने ती अडत नाही, ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. शिवाय त्या वेळी घरात कोणी गॅस पेटवायचा नाही. वन बीएचकेमध्ये सांगून बघा हे कुणाला, चहाच्या वेळेला!

एअरब्रशला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचं रडगाणं वेगळंच. त्याच्या अंगावरचा मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी डबी) इथे पुरत नाही, कारण दाबलेली गरम हवा नळीतून येता येता गार होते आणि पाणी ट्रॅपच्या पुढे, नळीत साठतं. मग १५-२० पीएसआय दाबावर मस्त चाललेला एअरब्रश अचानक थेंब थुंकतो, तोही नेमका दरवाज्याच्या पॅनलवर. हँडलच्या खाली दुसरा छोटा ट्रॅप लावा आणि काम झालं की टाकीतलं पाणी सोडा.

थिनर संपलं की अजून मजा. ज्वलनशील म्हणून ते विमानाने येत नाही, कुरिअर रस्त्याने येईल तेव्हा येईल. कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला एनसी थिनरची बाटली पुढे सरकवतो, "सब सेम है साब". कसलं सेम! किटच्या न रंगवलेल्या पॉलिस्टायरिनवर ते पडलं की प्लॅस्टिक मऊ होतं, पॅनलच्या रेषा बुजतात, पातळ भागांवर बारीक तडे जातात. एअरब्रशचे धातूचे भाग धुवायला ठेवा ते. तामिया या जपानी कंपनीचे ॲक्रिलिक रंग पातळ करायला केमिस्टकडचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल चालतं, तेवढं घ्या आणि या.

पण खरा संताप खिडक्यांचा. लढाऊ विमानाला एक कॅनोपी (वैमानिकावरची काच) असते, संपला विषय. एमआय-१७ ला पुढे काचेचं अख्खं नाक आणि दोन्ही बाजूंना गोल खिडक्यांची रांग. किटवाले या खिडक्या आतून बसवायला लावतात, तेही धडाचे दोन अर्धे जोडण्याआधी! म्हणजे नाकात शिसं भरलं (नाहीतर शेपटीवर बसतं), अर्धे चिकटवले, सांध्यात पुटी भरून ४००, ६००, १००० नंबरच्या पॉलिशपेपरने घासलं, रंगवलं, आणि मास्किंग लावताना बोट जरा जोरात टेकलं की टुक्. खिडकी आत. आता हलवलं की खडखड वाजतं, आणि उघडायचं तर सगळा सांधा फोडायचा. फेविक्विकने पक्क्या कराव्यात तर तिची वाफ बाष्पाशी मिळून काचेवर पांढरी बसते, आणि बंद पोटात ती जाणार कुठे? आतून पुसताही येत नाही. १/७२ मापाच्या (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाच्या) मॉडेलमध्ये त्या खिडक्या सरळ बाजूला ठेवा. सगळं रंगकाम आटोपलं की पीव्हीएचा (फेविकॉलच्या जातीचा) पारदर्शक होणारा गोंद टूथपिकने भोकाच्या कडेवरून फिरवत मधे ओढून घ्या. ५-६ मिलिमीटरपर्यंतच्या भोकावर पडदा धरतो. पावसात रात्रभर दुधी दिसेल, घाबरू नका. नाकाच्या मोठ्या काचा मात्र आधी तामिया एक्स-२२ सारख्या ग्लॉस क्लिअरमध्ये बुडवून झाकणाखाली दोन दिवस वाळवा आणि मगच बसवा.

डिकलबद्दल तर बोलायलाच नको. भारतीय राउंडेल (हवाई दलाचं गोल तिरंगी चिन्ह) खोक्यात क्वचित मिळतो. घरी पारदर्शक डिकल पेपरवर छापला तर इंकजेटमध्ये पांढरी शाईच नसते. हिरव्या रंगावर केशरी चिखल होतो आणि पांढरं वर्तुळ गायब! पांढऱ्या डिकल पेपरवर छापा, वरून क्लिअर मारून शाई बंद करा, मग गोल कापा. आणि खाली ग्लॉस कोट हवाच, नाहीतर मॅटच्या खडबडीत हवा अडकून कडेने चांदी चमकते. त्यात एमआय-८ चं, म्हणजे एमआय-१७ च्या जुन्या भावंडाचं, किट घेऊन 'एमआय-१७ केलंय' म्हणत शेपटीचा पंखा उजवीकडेच ठेवणारे महाभाग. एमआय-१७ ला तो डावीकडे असतो हो!

राहिला वरचा रोटर. खऱ्याचा व्यास २१ मीटरच्या वर, म्हणजे १/७२ मध्ये साडेएकोणतीस सेंटिमीटर. कपाटाच्या कुठल्या फळीत मावतं हे? किटमधली पाचही पाती सरळसोट, खरी उभ्या हेलिकॉप्टरवर खाली वाकलेली असतात, तेव्हा गरम पाण्यात धरून हळू वाकवा, उकळत्या नाही. रोटर चिकटवू मात्र नका. खाली पितळी नळीचा तुकडा बसवून नुसता अडकवा. मेट्रोच्या कामाची धूळ रोज झटकायची असते, आणि आल्यागेल्याचं पोर आधी तेच फिरवून बघतं.