ज्या एफएम ट्रान्समीटरला आकाशवाणीच्या १०१ पुढे टिकता येत नाही, तो पेसमेकर काय बंद पाडणार?

मागच्या रविवारी माझे मामा पुण्याहून कराडला एकटेच गाडी घेऊन गेले आणि साडेतीन तास त्यांचा फोन कुणी उचलला नाही. मामींचे अकरा मिस्ड कॉल, माझे सात. मामांचं वय बहात्तर, दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलाय. गाडी चालवायला डॉक्टरांची हरकत नाही, पण साडेतीन तास म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीला. शेवटी मावशीकडे पोचल्यावर त्यांनीच निवांत फोन केला: "अगं, फोन डिकीत ठेवला होता. तो मेसेज नाही का वाचलास?"

मग वाचला. "गाडीतला एफएम ट्रान्समीटर आजच काढून फेका!!" खाली मुद्दे: याने पेसमेकर बंद पडतो. कॅन्सर होतो, म्हणून परदेशात बंदी आहे. पेट्रोल पंपावर स्फोट होतो, एअरबॅग आपोआप उघडते. फोनवरचं बोलणं शेजारच्या गाडीत ऐकू जातं. बॅटरी उतरते. सापडलात तर तीन वर्षं तुरुंग. शेवटी "मोठ्या हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला, जनहितार्थ पुढे पाठवा". तज्ज्ञांना नाव नाही, गाव नाही. मामांनी ट्रान्समीटर तर उपटलाच, वर "लहरी त्या लहरीच" म्हणून फोनही डिकीत टाकला.

ही वस्तू मीच त्यांना दिली होती. त्यांच्या जुन्या गाडीत ब्लूटूथ नाही, यूएसबी नाही. नुसता रेडिओ, आणि एक सीडी प्लेअर ज्यात कधीची एक सीडी अडकून बसली आहे. ट्रान्समीटर लायटरच्या सॉकेटात खोचायचा, त्याला पेनड्राइव्ह लावायचा किंवा फोन जोडायचा, आणि त्याच्यावर जो आकडा दिसेल तोच गाडीच्या रेडिओवर लावायचा. एवढंच. म्हणजे गाडीपुरतं एक चिमुकलं रेडिओ केंद्र.

किती चिमुकलं, ते मामांनाच विचारा. त्यांनी पहिल्यांदा ते १०१ वर लावलं होतं, आकडा लक्षात राहतो म्हणून. चार दिवसांनी तक्रार: "अभंग लावला की मधेच आकाशवाणी बोलायला लागते. पीस खराब दिलाय." पीस खराब नव्हता. पुण्यात १०१ वर आकाशवाणीच आहे, आणि एफएमचा स्वभाव असा की एकाच आकड्यावर दोघं आले तर जोरकस असेल तोच ऐकू येतो, दुबळा पार दबून जातो. मामांच्या हाताशी असलेला ट्रान्समीटर कित्येक किलोमीटर लांबच्या मनोऱ्यापुढे हरत होता, तोही स्वतःच्याच गाडीत. आणि हाच गडी म्हणे मामांचं हृदय थांबवणार!

आकड्यांतच बोलू. युरोपात या यंत्रांना ५० नॅनोवॉटची कमाल मर्यादा आहे. नॅनोवॉट म्हणजे एका वॉटचा अब्जावा भाग. आपल्या खिशातला ४जी फोन टॉवरशी बोलताना जास्तीत जास्त ०.२ वॉट फेकतो. भागाकार करून पाहा, ४० लाख पट येतं. आता कुणी म्हणेल, फुटपाथवर मिळणारा बिननावाचा पीस युरोपची मर्यादा थोडाच पाळतो? बरोबर आहे, नसेल पाळत. धरा की तो हजार पट जास्त फेकतो. तरीही फोन त्याच्या चार हजार पटच राहतो. आणि या एवढ्या फोनबद्दल अमेरिकेची एफडीए, म्हणजे औषधांवर आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी तिथली सरकारी संस्था, पेसमेकरवाल्यांना काय सांगते? पेसमेकरपासून १५ सेंटीमीटर लांब ठेवा. म्हणजे वीतभरही नाही.

पेसमेकर बहुधा डाव्या कॉलरबोनच्या खाली असतो आणि आपल्याकडे चालकाची डावी बाजूच सॉकेटकडे येते, म्हणून मी मामांना त्यांच्या सीटवर बसवून टेपने मोजलं. ६४ सेंटीमीटर. मामी शेजारी उभ्या राहून आकडा वाचत होत्या.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. काही ट्रान्समीटरला फोन चिकटवायला लोहचुंबकाचा होल्डर असतो. चुंबक ही पेसमेकरच्या बाबतीत खरोखर दखल घेण्याची चीज आहे: जोरदार चुंबक अगदी छातीशी आला तर पेसमेकर हृदयाचे ठोके तपासायचं सोडून ठरावीक गतीनेच चालायला लागतो. चुंबक बाजूला केला की पूर्ववत. तेव्हा असला होल्डर छातीपाशी आणू नका, फोन शर्टाच्या डाव्या खिशात ठेवू नका, आणि शंका असेल तर ज्यांनी पेसमेकर बसवला त्या डॉक्टरांना विचारा. मेसेजमध्ये चुंबकाचा उल्लेखसुद्धा नाही! खरी काळजी घ्यायची गोष्ट सोडली आणि भलत्याच गोष्टीला झोडपलं. त्यापायी एक हृदयरुग्ण एकटा, हायवेवर, फोन डिकीत बंद करून गेला. खंबाटकी घाटात गाडी बंद पडली असती, छातीत कळ आली असती, तर कुणाला हाक मारणार होते? हा मेसेज लिहिणारा भेटला तर त्याला मी हेच विचारणार आहे.

कॅन्सरचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना "कदाचित कर्करोगकारक" या २बी गटात टाकलं, ते खरं. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्या आहेत, म्हणजे आपल्या लोणच्याचे चुलतभाऊच. मेसेज पाठवणाऱ्या काकांनी बरणी फेकल्याचं ऐकिवात नाही.

परदेशात बंदी? होती की, ब्रिटनमध्ये. ८ डिसेंबर २००६ पर्यंत. कारण होतं विनापरवाना प्रक्षेपणाचं आणि इतरांच्या रेडिओत ढवळाढवळ होण्याचं, तब्येतीचा संबंध नव्हता. त्या दिवसापासून तिथे मर्यादेतली यंत्रं रीतसर चालतात, मर्यादा तीच वर सांगितलेली. मेसेजवाला जवळपास दोन दशकं मागे राहिलाय.

पंपावर तसंही इंजिन बंद करायचं असतं, करा. एअरबॅग उघडायला धडक लागते, अभंग पुरत नाहीत. पुढे चला.

आता तो एक मुद्दा, ज्यात तथ्य आहे. फोनवरचं बोलणं शेजारच्या गाडीत जातं का? जातं! पण अर्धंच. तुम्ही बोलता ते फोनमधून पलीकडे जातं. पलीकडचा बोलतो ते ट्रान्समीटरमधून रेडिओवर येतं, आणि काही मीटरच्या आत कुणी तोच आकडा लावला असेल तर त्यालाही ऐकू येतं. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभे असताना आमचा रेडिओ ८८.१ वर होता, गाणी संपली होती आणि एकदम एक बाई आमच्या गाडीत बोलायला लागल्या: "तुम्ही व्याह्यांसमोर आकडा बोलू नका, मी बोलते." मग शांतता, बहुधा नवरोबा उत्तर देत असावेत. मग पुन्हा: "नाही म्हटलं ना!" रांग सरकली आणि लग्नाचं पुढे काय ठरलं ते आम्हाला कळलंच नाही. तेव्हा गाणी खुशाल लावा, पण कॉल आला की तो ट्रान्समीटरवर घेऊ नका. बँकेचा तर नकोच. आणि गाडी चालवताना बोलू नये हे आहेच.

बॅटरी उतरते तीही क्वचित: काही गाड्यांत किल्ली काढली तरी सॉकेट चालू राहतं. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर उपटून ठेवा. संपलं.

तुरुंगाच्या मुद्द्यावर मी हसले असते, पण आमच्या ग्रुपवर धाकट्या मावसभावाने त्याखालीच लिहिलं: "मग गच्चीवर वायर लावून मंडळाची आरती अख्ख्या गल्लीत ऐकवता येईल का?" नाही रे बाबा! इथे मात्र कायदा मधे येतो. बिहारच्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूर गावी एका तरुण मेकॅनिकने जेमतेम पन्नास रुपयांच्या सामानातून असलं केंद्र उभं केलं होतं. गाणी, गावच्या बातम्या, सगळं. लोक खूश होते. २००६ मध्ये ते जगाच्या बातम्यांत झळकलं आणि परवाना नाही म्हणून लगेच बंदही झालं. वाईट वाटतं, पण नियमाला कारण आहे. एफएमचा पट्टा १०८ ला संपतो आणि विमानांना धावपट्टीची दिशा दाखवणारे सिग्नल त्याच्या लगेच वर सुरू होतात. घरगुती जुगाड नेमका आपल्याच आकड्यावर थांबेल याची हमी नसते. ज्याला गावासाठी रेडिओ काढायचाय त्याने सामुदायिक रेडिओचा परवाना काढावा. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी तशीच चालते.

काल मामांना ट्रान्समीटर परत लावून दिला, ८८.१ वर. आज ते पुन्हा कराडला निघाले. अकराच्या सुमाराला मेसेज आला: "शिरवळला चहाला थांबलोय. इथे खरखर येते. काय करू?"

मी लिहिलं, दोन्हीकडचा आकडा थोडा बदलून पाहा. आणि फोन कुठे ठेवलाय?

"पँटच्या उजव्या खिशात. सारखं सारखं विचारू नकोस."