शून्य मालकाचं हुकलं, भुर्दंड पाहुण्याला का?

आमच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर सध्या एकाच गोष्टीवरून जुंपली आहे. आमच्यातल्या एकानं सगळ्या कुटुंबासाठी सुट्टीत राहायला एक बंगला ऑनलाइन बुक केला. पैसे भरले, बुकिंग पक्कं झाल्याचा मेल आला, मग त्यानं विमानाची तिकिटं काढली. काही आठवड्यांनी मालकाचा दोन ओळींचा मेसेज आला: दर टाकताना चूक झाली होती, बुकिंग रद्द करत आहोत, पैसे परत मिळतील, गैरसोयीबद्दल क्षमस्व. यानं त्याच तारखा टाकून पाहिल्या. तोच बंगला, तेच फोटो, दर जवळजवळ तिप्पट.

ग्रुपमध्ये लगेच दोन तट पडले. एक तट म्हणतो, व्यवहार ठरला की ठरला; नुकसान दिसल्यावर मागे फिरायचं असेल तर पक्कं तरी कशाला म्हणायचं? दुसरा म्हणतो, अरे, तो काही हॉटेलांची साखळी चालवत नाही, एकटा माणूस आहे, बोट चुकलं असेल. पैसे पूर्ण परत दिले ना? मग सोडून दे की.

या दुसऱ्या तटाचा म्होरक्या आमच्यातलाच एक जण आहे. त्याचं स्वतःचं घर पर्यटकांना भाड्यानं जातं. त्यानं आपल्या फोनचा स्क्रीनशॉट टाकला आणि वादाला जरा वजन आलं. कॅलेंडरच्या प्रत्येक चौकोनात त्या रात्रीचा दर. शनिवार-रविवारचा वेगळा. आठवडाभर राहिल्यास सूट, लवकर बुक केल्यास सूट, अगदी ऐनवेळी बुक केल्यास आणखी सूट. साफसफाईचे पैसे वेगळे. हेच घर तीन साइटवर, आणि तिन्ही कॅलेंडरं जुळवणारं चौथंच सॉफ्टवेअर. आठवड्याचं भाडं महिन्याच्या रकान्यात पडलं की संपलं. दोन सवलती एकमेकींच्या डोक्यावर चढल्या तरी संपलं. एवढ्या चौकोनांत अंगठ्यानं आकडे भरणाऱ्याच्या हातून चूक होऊच नये, असं म्हणणारा माणूस कधी घरमालक झालेला नसतो.

पण दोन्ही तट बुकिंग पाळायचं की मोडायचं याच्यापुढे सरकत नाहीत. मोडलं तर त्याचा खर्च कुणाच्या खिशातून जाणार, हा प्रश्न कुणी काढतच नाही. पैसे परत आले म्हणजे फिटंफाट, असं दोघंही धरून चालतात. मग उरतं काय, तर मालक भला की लबाड याचा खटला, आणि त्याला अंत नसतो. मी राहतो त्या जर्मनीत हे भांडण खर्चापासून सुरू होतं. इथली माणसं जास्त सज्जन आहेत असं मुळीच नाही. कायद्यानं प्रश्नच तसा मांडला आहे.

इथली नागरी संहिता 1900 सालापासून लागू आहे. तिचं कलम 119 सांगतं की मनात एक होतं आणि लिहिताना भलतंच लिहिलं गेलं, तर त्या कारणानं करार रद्द करता येतो. कलम 121 म्हणतं, पण चूक कळल्यावर विनाविलंब कळवलं पाहिजे. आणि कलम 122 म्हणतं, तुझ्या शब्दावर विसंबून समोरच्याचं जे नुकसान झालं, ते तू भरून दे. सोडवणूक आणि बिल हातात हात घालून येतात. मालकाची चूक खोटी नाही, निष्काळजीपणाची नाही, हे सगळं मान्य करूनही बिल त्याच्याच नावावर फाटतं.

आकड्यांत पाहू. दोनशेची खोली चुकून दीडशेला लागली आणि मी ती घेतली. ती मिळाली म्हणून तेव्हा उपलब्ध असलेली एकशेऐंशीची दुसरी खोली सोडली. आता मालक मागे फिरला आणि त्या तारखांना दोनशे साठच्या खाली काही उरलेलं नाही. दीडशेचा सौदा माझ्या हातून गेला, त्याचं रडगाणं गाता येणार नाही. पण मी त्याच्या शब्दावर विसंबलो नसतो तर एकशेऐंशीत राहिलो असतो, म्हणजे फरकाचे ऐंशी मी मागू शकतो. जाणंच रद्द करावं लागलं तर वाया गेलेल्या तिकिटांचे पैसे मागू शकतो. मात्र करार पाळला गेला असता तर जेवढा फायदा झाला असता, त्याहून जास्त नाही. पाहुण्याला लॉटरी लागत नाही आणि मालक फुकटात सुटत नाही.

या कलमाला एक शेपूटही आहे, आणि आमच्या ग्रुपवरच्या पहिल्या तटानं ते नीट वाचावं. चूक आहे हे समोरच्याला माहीत होतं, किंवा कळायला हवं होतं, तर भरपाई नाही. दोनशेची खोली दोनला दिसली म्हणून धावत जाऊन बुक करणाऱ्याला कुणाच्या शब्दावर विसंबल्याचा आव आणता येणार नाही. सिंगापूरमध्ये 2003 साली एका ऑनलाइन दुकानात 3,854 डॉलरचा लेझर प्रिंटर 66 डॉलरला दिसू लागला. सहा जणांनी मध्यरात्रीनंतर मिळून 1,606 प्रिंटर मागवले. पुढे ते कोर्टात गेले, 2004 मध्ये हरले, 2005 मध्ये अपिलातही हरले, कारण हा भाव चुकलेला आहे हे त्यांना ठाऊक होतं असं कोर्टाला त्यांच्याच वागण्यातून दिसलं. घरी कुणी सोळाशे प्रिंटर लावत नाही.

चुकीचा दर आणि पश्चात्तापाचा दर यांच्यात इथल्या कोर्टांनी केलेला फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 2005 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयासमोर एका लॅपटॉपचं प्रकरण आलं. विक्रेत्यानं 2,650 युरो किंमत भरली होती. सॉफ्टवेअरच्या गोंधळात संकेतस्थळावर 245 दिसली. लॅपटॉप ग्राहकाच्या घरी पोचलाही होता. तरी कोर्टानं विक्रेत्याला करार रद्द करू दिला, कारण त्यानं ठरवलेली किंमत बरोबर होती, ती वाटेत बिघडली. पण किंमत ठरवतानाच तुमचा अंदाज चुकला असेल, हिशेब मनातल्या मनात कमी लावला असेल, तर ती चूक तुमची तुम्हाला लखलाभ. त्या कारणानं करार मोडता येत नाही.

हा निकष आपल्याकडच्या भाडेकरारांना लावून पाहा. 2023 च्या जूनमध्ये क्रिकेट विश्वचषकाचं वेळापत्रक जाहीर झालं आणि भारत-पाकिस्तान सामन्याच्या तारखांसाठी अहमदाबादेतले खोल्यांचे दर आकाशाला भिडले. आदल्या आठवड्यात जुन्या दरानं बुकिंग घेतलेल्या मालकाचं मन किती जळलं असेल, हे समजू शकतं. पण त्याच्या दरात चूक कसलीच नव्हती. त्या दिवशी त्याला तोच हवा होता. अशा मालकानं 'दरात चूक झाली' असा मेसेज पाठवला तर ती थाप आहे, आणि माझ्या अंदाजानं चुकीच्या नावाखाली रद्द होणाऱ्या बुकिंगांत अशा थापा बऱ्याच असाव्यात. आमच्या मित्राच्या बंगल्याचंही मला तसंच वाटतं. आकडा हुकलेला माणूस दोन-तीन दिवसांत बोंब मारतो. इतक्या आठवड्यांनी जाग येते ती बहुतेक वेळा दुसरं गिऱ्हाईक दारात उभं राहिल्यावर.

ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, तुमच्याकडे कायदे आहेत, आपल्याकडे कुठे? हे मला पटत नाही. आपला करार कायदा 1872 चा, म्हणजे जर्मन संहितेहून जुना. त्याचं कलम 20 म्हणतं की महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल दोन्ही पक्षांची चूक असेल तर करार रद्दबातल. आणि कलम 22 सांगतं, एकाच पक्षाची चूक झाली एवढ्याच कारणानं करार मोडण्याजोगा ठरत नाही. म्हणजे कागदावर आपला कायदा मालकाशी जर्मनीपेक्षा कडक वागतो! चूक उघड दिसत असतानाही पाहुण्यानं डल्ला मारला, तर गोष्ट वेगळी होऊ शकते; पण साध्यासुध्या चुकलेल्या दराला कलम 22 पुरेसं आहे.

त्यात 2020 च्या ई-कॉमर्स नियमांची भर. ग्राहकानं रद्द केल्यावर शुल्क कापायचं असेल, तर कंपनीनं एकतर्फी रद्द केल्यावर तिनंही तसंच शुल्क सोसलं पाहिजे, असं नियम 4 मध्ये लिहिलं आहे. वाचायला किती सरळ! पण हा नियम ई-कॉमर्स कंपनीला उद्देशून आहे. प्लॅटफॉर्म, म्हणजे बुकिंगची साइट, म्हणतो, रद्द मी केलं नाही, मालकानं केलं. आणि मालक अधूनमधूनच घर देणारा असेल, नियमित व्यवसाय करत नसेल, तर स्वतःच्या वैयक्तिक व्यवहाराला हे नियम लागूच होत नाहीत. दोघांच्या मधल्या फटीतून पाहुणा खाली पडतो. उद्या पाहुण्यानं त्याच टप्प्यावर बुकिंग रद्द केलं असतं तर किती टक्के कापले असते, हे मात्र त्याला बुकिंग करतानाच ठळक अक्षरांत दाखवलेलं असतं.

प्लॅटफॉर्म काहीच करत नाहीत असं नाही. एअरबीएनबीनं 2022 पासून रद्द करणाऱ्या मालकाला दंड ठेवला आहे: मुक्कामाला 48 तास किंवा कमी उरले असतील तर रकमेच्या 50 टक्के, त्याआधी 30 दिवसांपर्यंत 25, त्याहून लवकर 10. धाक म्हणून चांगलं आहे. पण हा दंड कंपनी कापून घेते. पाहुण्याचं तिकीट किती वाया गेलं, दुसरी खोली कितीला पडली, याच्याशी त्याचा मेळ बसवलेला नाही. शिवाय दर जास्त आहेत, थोडे उतरवा, अशा सूचना मालकाच्या फोनवर न मागता येतात. नेहमीच्या दराच्या एक तृतीयांश आकडा टाकल्यावर 'नक्की ना?' एवढं विचारायला यंत्राला जड जाऊ नये.

विमान कंपन्यांच्या बाबतीत अमेरिकेनं हा गुंता बराचसा सोडवून दाखवला आहे. 2015 च्या फेब्रुवारीत युनायटेड एअरलाइन्सच्या डेन्मार्कच्या संकेतस्थळावर चलनाच्या रूपांतरात घोळ झाला आणि हजारो लोकांनी कवडीमोलानं तिकिटं काढली. कंपनीनं ती रद्द केली. त्यानंतर मे महिन्यात तिथल्या वाहतूक खात्यानं धोरण जाहीर केलं: भाडं खरोखर चुकलं होतं हे कंपनीनं सिद्ध करावं, आणि त्या तिकिटावर विसंबून प्रवाशानं केलेला वाजवी खर्च, उदाहरणार्थ परत न मिळणारं हॉटेलचं बुकिंग, भरून द्यावा, मग तिकीट रद्द केल्याबद्दल आम्ही कारवाई करणार नाही. सिद्ध करण्याचा भार चूक करणाऱ्यावर, आणि खर्चही त्याचाच. विमानाच्या चुकीपायी हॉटेल बुडालं तर भरपाई, मग हॉटेलच्या चुकीपायी विमान बुडालं तर का नको?

जर्मनीत सगळं आपोआप होतं असं कुणी समजू नये. कलम 122 इथल्याही कितीतरी लोकांच्या गावी नसतं. मालक इथेही क्षमस्व म्हणून गप्प बसतात, आणि थोड्या पैशांसाठी कोण वकिलाकडे जातो? पण माझ्या एका सहकारी बाईंचं असंच बुकिंग रद्द झालं, तेव्हा त्यांनी काय केलं ते मी पाहिलं आहे. त्यांनी मालकाला एक पानाचं पत्र लिहिलं. सोबत रेल्वेच्या तिकिटाची पावती आणि नव्या खोलीची पावती. खाली एकूण रक्कम, बँक खात्याचा क्रमांक आणि पैसे भरण्यासाठी दोन आठवड्यांची मुदत. मालक लबाड आहे असं त्यात एका शब्दानं म्हटलेलं नव्हतं, उलट चूक होऊ शकते हे पहिल्याच वाक्यात मान्य केलं होतं. मालकानं थोडी घासाघीस करून बहुतेक रक्कम भरली. आमच्या ग्रुपवर आठवडाभर जो धुरळा उडाला, त्यातला कणही तिथे नव्हता.

हे मी ग्रुपवर लिहिल्यावर घरमालक मित्राचा फोन आला. म्हणाला, "म्हणजे शून्य माझं हुकलं तर त्याच्या विमानाचं तिकीट मी भरायचं? अरे, मी संपेन." रास्त भीती आहे, पण हिशेब दिवसांचा आहे. त्याच संध्याकाळी कळवलंस तर समोरच्यानं अजून काहीच काढलेलं नसतं, तुझं बिल जवळपास शून्य. महिन्यानं कळवलंस तर तिकिटं, रजा, दुसरीकडच्या संपलेल्या खोल्या, सगळं तुझ्या अंगावर. त्याच्याकडे बुकिंग आलं की फोन वाजतो, आणि तो आवाज त्यानं बंद करून ठेवला आहे, कारण रात्री झोपमोड होते. रोज सकाळी आलेली बुकिंगं दरासकट डोळ्यांखालून घालायला सुरुवात कर, एवढं मी त्याला सांगितलं. आणि ज्याचा बंगला गेला त्या मित्राला म्हटलं, तिप्पट दराचा तो स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेव, तिकिटांच्या पावत्या काढ, आणि भांडण ग्रुपवरून उचलून मालकाच्या आणि प्लॅटफॉर्मच्या इनबॉक्समध्ये ने. उत्तर नाही आलं तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहेच.