माझी दाढ आणि आत्याचा ऊस

सांगलीत राहून भडंग न खाणारे लोक असतीलही. मी खातो. चुरमुरे बिचारे निघून जातात, पण शेंगदाण्याचं लाल साल वरच्या दाढेला आतल्या अंगाने जाऊन चिकटतं आणि मग दिवसभर जिभेचा मुक्काम तिथेच. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं पाव प्लेट भडंग कोरण्यातूनच वसूल होतं. शेवटी बायको म्हणाली, "चारचौघांत तोंडात बोटं घालता. एकदा दाखवून तरी या."

विश्रामबागेतल्या दवाखान्यात माझ्याआधी एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. पोराचे पटाशीचे नवे दात नुकतेच वर आलेले आणि प्रत्येकाच्या कडेला तीन-तीन उंचवटे. "करवत उगवलीया बघा," आजी कळवळून म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी दारातूनच निकाल दिला, "आजी, नवे दात असेच येतात. चावून चावून झिजतात." आजींचा चेहरा पडला. रिक्षाचे पैसे घालून आल्यावर काहीच झालेलं नाही हे ऐकायला कुणाला आवडतं?

माझी निराशा झाली नाही. बाईंनी दिवा जवळ ओढला, आरसा आत घातला आणि म्हणाल्या, "अय्या!"

कीड, रूट कॅनाल, कॅप, बिल, सगळ्याची मनाची तयारी करून गेलो होतो. 'अय्या'ची नव्हती. त्यांनी शिकाऊ पोरींनाही हाक मारली. तिघी माझ्या तोंडात डोकावून कौतुक करू लागल्या. "काका, तुमच्या दाढेला आतून जास्तीचं टोक आहे. कॅराबेलीचं टोक!" कॅराबेली हा ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा दंतवैद्य. त्याने 1842 साली या टोकाचं वर्णन केलं. युरोपात पुष्कळांना असतं, आपल्याकडेही सापडतं. म्हणजे भडंग गणपती पेठेतलं, दाढ माझी, आणि मधल्या खाचेवर नाव व्हिएन्नावाल्याचं.

एवढ्यावर थांबतील तर त्या डॉक्टर कसल्या. चिनी, जपानी आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे पटाशीचे दात म्हणे मागून खोलगट असतात, दोन्ही कडा उचललेल्या. त्यामागे ईडीएआर नावाच्या जनुकाचा एक प्रकार असतो आणि त्यानेच केसही जाड होतात. मी टकलावरून हात फिरवला. बाईंनी सभ्यपणे विषय बदलला.

बदलून गेल्या तो थेट माझ्या उजव्या बाजूच्या बारक्या दातावर. पटाशी आणि सुळा यांच्या मधला हा दात माझा लहानपणापासून निमुळता. लग्नाच्या फोटोत मी ओठ मिटून उभा आहे तो याच्यामुळे; सासरच्यांनी त्याचा अर्थ 'मुलगा गंभीर आहे' असा लावला. बाई म्हणाल्या, "वरच्या जबड्यात प्रत्येक गटातला शेवटचा दात जरा लहरी असतो. पटाशीतला हा दुसरा, दाढांतली अक्कलदाढ." आमच्या घरातही शेवटचा मीच, त्यामुळे हा सिद्धांत थोरल्या भावाला कळू द्यायचा नाही असं तिथेच ठरवलं.

"आकार जबड्याच्या आतच ठरतो, काका. दात वर आला की पुढे फक्त झिजतो. आणि हे घराण्यात चालतं. एकाचा असा बारका, तर दुसऱ्या कुणाचा तोच दात मुळात आलेलाच नसतो. तुमच्याकडे आहे का कुणी?"

तोंडात आरसा असल्याने मी गप्प राहिलो, पण डोळ्यांपुढे आत्या उभी राहिली. आत्याचा नेमका तोच दात नव्हता. तो म्हणे आष्ट्याच्या मळ्यात पोरांशी पैज लावून ऊस सोलताना तुटला. ती पैज आत्या जिंकली होती. ही कथा आमच्या तीन पिढ्यांना पाठ आहे आणि दर वेळी उसाची जाडी वाढते.

बाईंनी साल काढलं, खाच भरली, पैसे घेतले. रिक्षात बसल्या बसल्या मी आत्याला फोन लावला. आता तिला पूर्ण कवळी आहे, त्यामुळे पुरावा काहीच उरलेला नाही. मी जनुकं सांगितली, घराणं सांगितलं, तुझा दात बहुतेक आलाच नसेल असंही चाचरत सांगून टाकलं. पलीकडे बराच वेळ कवळी सरकवल्याचा आवाज.

"ती डॉक्टरीण," आत्या म्हणाली, "मी ऊस सोलत होते तेव्हा आष्ट्यात होती का?"