गेरू, स्टिरॉइड आणि आईचे फोड : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, आईच्या पेम्फिगस या फोडांच्या आजाराविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की, मी लोकांना स्टिरॉइडच्या नादी लावते आणि त्याचे दुष्परिणाम झाकते. आपल्या सासऱ्यांचे फोड तर गेरूच्या लेपाने पंधरा दिवसांत गेले, म्हणून शेजारच्या काकूंनाही आपण तोच लेप सुचवला आहे.

दुष्परिणामांचा आक्षेप मला मान्य आहे. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने आईचा चेहरा सुजला, रक्तातली साखर वाढली आणि मांड्यांतले बळ इतके गेले की जिना चढताना तिला कठडा धरावा लागे. हे मी लिहायला हवे होते.

गेरूचे मात्र वेगळे आहे. सासऱ्यांना आधी आग होऊन मग बरगडीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड आले, असे आपण सांगता. ती नागीण असावी. कांजिण्यांच्याच विषाणूमुळे होणाऱ्या नागिणीचे फोड गेरू लावला न लावला तरी बहुधा दोन ते चार आठवड्यांत सुकतात. पेम्फिगसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या डेस्मोग्लेइन या प्रथिनावर उलटते, त्यामुळे नुसते बोट घासले तरी वरचा पापुद्रा सोलून येतो. हा आजार संसर्गाने पसरत नाही, पण आपोआप बराही होत नाही; 1950च्या दशकात स्टिरॉइड वापरात येण्यापूर्वी बहुतेक रुग्ण यातून वाचत नसत.

आईला सुरुवात तोंडातून झाली. चार महिने आम्ही ‘तोंड आले आहे’ म्हणून गोळ्या देत राहिलो, आणि पांढऱ्या रश्श्यावर जीव असलेली माझी आई गार आंबिलीच्या घोटालाही डोळे मिटून घेत असे. पुढे पाठ सोलवटली, तेव्हा चादर कातडीला चिकटू नये म्हणून मंडईतून केळीची कोवळी पाने आणून, स्वच्छ धुऊन, तिच्याखाली अंथरत होतो. मोठा फोड निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढायचे, वरचे कातडे मात्र काढायचे नाही, आणि चिकटपट्टी अंगाला लावायचीच नाही, हे एका परिचारिकेने शिकवले.

स्टिरॉइडला मी अमृत म्हणत नाही. त्याचा डोस लवकर उतरवता यावा म्हणूनच अझाथायोप्रिन किंवा रिटुक्सिमॅबसारखी प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे जोडीला देतात. परंतु भीतीपोटी ते एकाएकी बंद करणे फार धोक्याचे आहे, कारण आजार उसळतो आणि अनेक आठवड्यांच्या गोळ्यांनी सुस्तावलेल्या, शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथी ऐनवेळी साथ देत नाहीत.

आपल्या शेजारच्या काकूंच्या तोंडातही जखमा आहेत आणि फोड दोन्ही अंगांना आहेत, असे आपणच लिहिले आहे. त्यांना कृपया याच आठवड्यात कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा कोणत्याही त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या आणि फोडालगतच्या कातडीची बायोप्सी व इम्युनोफ्लुरोसन्स (त्वचेवर उलटलेली प्रतिपिंडे दाखवणारी) तपासणी करायची का, हे विचारा. सोबत कोणी नसेल तर मी येईन.