औदुंबराच्या पायाशी रूळ आणू नका

पप्याने तोंड उघडलं तेच भांडण लावायला. "बालकवी म्हणजे शाळेतले कवी. श्रावणमासी हर्ष मानसी, फुलराणी, आनंदी आनंद गडे. दहावी सुटली की संपलं."

आम्ही शनिवारी कवितेवर बोलायला जमतो त्या ठाण्याच्या तलावपाळीला संध्याकाळची गर्दी होती, तरी मास्तरांचा आवाज चार माणसांनी वळून बघावं इतका चढला. त्यांनी 'पारवा' म्हणायला घेतली. "भिंत खचली, कलथून खांब गेला, जुनी पडकी उद्ध्वस्त धर्मशाळा..." त्या धर्मशाळेच्या कौलावर एकटाच घुमणारा पारवा. "हा तुझा हर्ष का रे?"

ताईंचं म्हणणं, घोळ 'बालकवी' या पदवीनेच केला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, धरणगावचे, जन्म १८९०चा. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात मिसरूडही न फुटलेल्या या पोराची कविता ऐकून लोक थक्क झाले आणि 'बालकवी' हे नाव पडलं. पुढे नगरला कवी रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले, किती वेगवेगळं लिहिलं, पण लोकांनी त्यांना मोठं होऊच दिलं नाही. मला हे शंभर टक्के पटतं.

पण पप्या तयारीचा गडी, त्याने झटक्यात बाजू बदलली. "मग माणूस आतून खचलेलाच होता ना? 'औदुंबर' बघा. काळा डोह, त्यात पाय सोडून बसलेलं झाड. मरणच दिसत होतं त्यांना. आणि झालंही तसंच." ५ मे १९१८ला भादली स्टेशनाजवळ ते रेल्वेखाली गेले. वय अवघं सत्तावीस.

इथे मला राहवलं नाही. मरण आधी ठाऊक करून घ्यायचं आणि मग ते कवितेत शोधायचं, हा कवीवर अन्याय आहे. आठच ओळी आहेत, त्या नीट बघा. आधी दोन्ही तटांवरची हिरवळ आणि मधून वाहणारा निळासावळा झरा. पैल टेकडीकडे चार घरांचं गाव, पुढे शेतमळे. त्या हिरव्या गर्दीतून आडवीतिडवी पांढरी पायवाट निघते, ती थेट काळ्या डोहापाशी. नजर लांबून जवळ येते, रंग उजळ होता होता गडद होतात. गाव आहे, वाट आहे, पण वाटेवर माणूस कुठेच नाही. शेवटी फक्त झाड, पाण्यात पाय टाकून निवांत बसलेलं. दुःखी आहे, असं कवीने एका शब्दानेही म्हटलेलं नाही. पाण्यावरची काळी सावलीसुद्धा त्यांना गोडच दिसली.

"म्हणजे उदास नव्हतेच?" पप्या.

होते की! 'कोठुनि येते मला कळेना, उदासीनता ही हृदयाला' लिहिणारा माणूस तो. पण कळेना म्हणतोय ना तो? त्यालाच न उमगलेलं कारण आपण रेल्वेच्या अपघातातून कसं काढणार? श्रावणातली सर आणि ऊन ज्या बारकाईने टिपलं, त्याच डोळ्यांनी त्यांनी पडकी धर्मशाळाही टिपली. शाळेने अर्धा कवी दिला, पप्यासारखे लोक उरलेला अर्धा उचलतात.

मास्तरांनी मान डोलावली. पप्याला काही पटलं नाही. "'खेड्यातील रात्र' वाचून या सगळे," म्हणाला, "ओसाड देऊळ, पडका बुरूज, अंधार. मग बोलू." पुढच्या शनिवारी तीच कविता घ्यायची ठरलंय, आणि त्याने मरणाचा पुरावा दाखवायचा तो कवितेच्या ओळींतूनच, चरित्रातून नाही.