तापवलं की झालं?

पोट बिघडलं की आपण पहिलं बोट दाखवतो ते गाड्यावरच्या मिसळीकडे. पण रटरटत्या पातेल्यातून थेट वाटीत आलेला रस्सा त्या मानाने बराच निर्धोक. (वरच्या कांद्याची आणि टेबलावरच्या जगमधल्या पाण्याची हमी मी घेत नाही.) माझा संशय घरच्या भातावर जास्त.

रात्रीचा उरलेला भात ओट्यावर जाळीखाली आणि सकाळी त्याला फोडणी, हे घरोघरी चालतं. तांदळात बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही टिकतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजतात, जंतू वाढतात, विष तयार होतं. मग कितीही खमंग परता, जंतू मरतील, पण उलट्या करवणारं ते विष जात नाही. एक ते सहा तासांत माणूस मोरीत ओणवा! बासुंदी-पेढ्यांचंही तेच. हाताला जखम असलेल्या माणसाकडून स्टॅफिलोकोकस हा जंतू त्यात गेला, तर त्याचं विषही उकळून हटत नाही. त्यामुळे ‘तापवून घे, काही होत नाही’ हे मला मुळीच पटत नाही. फोडणीचा भात मीही आवडीने खातो, पण रात्रीच परातीत पसरून, निववून, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलेल्या भाताचा.

नाशिकच्या गंगापूर रोडच्या लॉन्सवर लग्न ठरवताना आपण स्वीट किती, स्टार्टर किती यावर तासभर घासाघीस करतो. भात किती वाजता उतरवणार आणि पंगत किती वाजता बसणार, हे विचारलं तर वधूपिताच आपल्याकडे विचित्र नजरेनं बघतो. वाढेपर्यंत अन्न ६० अंशांच्या वर गरम हवं, एवढीच तर अट.

आणि भगर. भगरीच्या गिरण्या आपल्या जिल्ह्यात, तरी एकादशी-शिवरात्रीला भगरीतून विषबाधेच्या बातम्या येतातच. ओल लागलेल्या भगरीवर बुरशी धरते, तिचं विषही शिजवून जात नाही. उलट्यांबरोबर चक्कर येते, अंग थरथरतं. सुटं पीठ तर आणूच नका. पाकीटबंद भगर घ्या, तारीख बघा, निवडून-धुऊन घरीच दळा.

उलट्या-जुलाब लागलेच तर ओआरएस. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि घोट घोट पाजा. शौचात रक्त, जोराचा ताप, लघवी बंद किंवा रुग्ण लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. डॉक्टरांना काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि पहिली उलटी कधी झाली, हे तिन्ही सांगा.